साथीच्या काळात कलावंत आणि हातावर पोट असणाऱ्यांना मदत: यादीपासून हिशेबापर्यंत

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. कोरोनामुळे देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपाऱ्या देतात (म्हणजे खेळ ठरवतात), आणि चैत्र-वैशाखाच्या त्या दिवसांवर फडाचं वर्षाचं गणित बसतं. त्या वर्षी राहुटीत कुणी आलंच नाही. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ तारखेला रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन हंगाम गेले.

त्या काळात मदत करणारे कमी नव्हते. पण पोचली तिथे मदत तीनतीनदा पोचली आणि राहिली तिथे एकदाही नाही. एका ढोलकीवाल्याच्या घरात तीन संस्थांचा मिळून वीस किलो तांदूळ होता आणि सिलिंडर रिकामा. आमच्या गटानेही यातल्या बऱ्याच चुका केल्या. त्या पुन्हा होऊ नयेत म्हणून कामाचा क्रम लिहून ठेवतो आहे.

पाच-दहा जणांचा गट (सोसायटी, गणेश मंडळ, नाटकवेड्यांचा कंपू, जुने वर्गमित्र) आणि तीस ते दीडशे घरं, एवढ्या आवाक्यासाठी हा लेख आहे. त्याहून मोठं काम संस्थांवर सोडा.

टप्पा १: आधी स्वतःच्या दारातलं

फंड काढण्याआधी गटातल्या प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: माझ्या घरी, माझ्या सोसायटीत काम करणाऱ्यांचा या महिन्याचा पगार कोण देणार?

धुणंभांडी करणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, गाडी धुणारा, इस्त्रीवाला, लिफ्टमन. सोसायटीने गेट बंद केलं म्हणून त्या येत नाहीत. त्यांनी काम सोडलेलं नाही. २०२० मध्ये दोन महिने अर्धाच पगार देऊन त्याच घरांनी मुख्यमंत्री निधीला पैसे पाठवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. हा क्रम उलटा झाला. पूर्ण पगार, नेहमीच्या तारखेला, न मागता. ‘नंतर कामातून फेडून घेऊ’ असं मनातही आणू नका. ती उचल होते, मदत नव्हे.

जिथे महिन्याचा पगार नसतो तिथे जरा विचार करावा लागतो. सलूनमधला कारागीर बहुधा टक्केवारीवर असतो. खुर्ची रिकामी म्हणजे त्याची कमाई शून्य, मालकाला मात्र गाळ्याचं भाडं. तुम्ही महिन्याला एकदा केस कापत असाल तर पुढच्या तीन-चार वेळांचे पैसे थेट त्या कारागिराला आधी देऊन टाका. राज्यात सलून २८ जून २०२० ला उघडली तीही फक्त केस कापण्यापुरती, दाढीला परवानगी नव्हती. म्हणजे दुकान उघडलं तरी कमाई अर्धीच. ‘उघडलंय की आता’ म्हणून हात आखडू नका.

तपासा: गटातल्या सगळ्यांनी हे केलं का? नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका. स्वतःच्या मावशींचा पगार कापणारा माणूस यादी करायला बसला की त्याला प्रत्येक अर्जदार खोटारडा वाटतो, हा माझा अनुभव.

टप्पा २: पैसा कुठून येणार, कुठे साठणार

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक वाट म्हणजे कुणा एकाचा गूगल पे नंबर गटावर टाकणं. चार दिवसांत दीड लाख जमतात, त्यात त्याचं स्वतःचं दुधाचं बिल आणि बहिणीने पाठवलेले पैसे मिसळतात, आणि महिन्याने हिशेब मागितला की मैत्री संपते. तिसऱ्या दिवशीच आमच्याकडे हा घोळ सुरू झाला होता.

करायचं असं:

१. ओळखीची, नोंदणी असलेली, लेखापरीक्षण वेळेवर होणारी एखादी संस्था शोधा. तिच्या घटनेत आपत्तीतली मदत किंवा कलावंतांचं साहाय्य हा उद्देश आहे का ते वाचा. पैसे तिच्या खात्यात येऊ द्या, वाटपाचं काम तुम्ही करा.

२. अशी संस्था नसेल आणि लोकांकडून जाहीर वर्गणी काढायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही. मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्याला सोबत न्या, त्याला खिडकी माहीत असते.

३. दोघांच्या सहीचं वेगळं बचत खातं. त्यात दुसरा एक रुपया येता-जाता कामा नये.

४. आलेल्या प्रत्येक रकमेची पावती, मग ती ५१ रुपये असली तरी.

सावधान: परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा. इथे चांगली माणसं अडकतात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी विदेशीच ठरते, त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. ‘त्यांच्या खात्यात घेऊ आणि आपल्याकडे वळवू’ ही युक्ती आता बेकायदा आहे. न्यू जर्सीतल्या मामांना स्वच्छ विचारा, ‘मामा, पासपोर्ट कुठला?’ उत्तर अमेरिकेचा असं आलं, तर या क्षेत्रात थेट काम करणाऱ्या, एफसीआरए असलेल्या संस्थेचं नाव त्यांना द्या आणि तो विषय संपवा.

टप्पा ३: यादी

सगळी मेहनत इथे आहे. यादी नीट झाली तर पुढचं काम कारकुनी उरतं. यादी घाईत झाली तर पुढे कितीही पैसा ओता, तो ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याकडेच जातो.

*कोणाला विचारायचं*

पहिला फोन फडमालकाला, नाट्यनिर्मात्याला, हॉटेलमालकाला किंवा बँडमास्तरला जातो, कारण त्यांचाच नंबर आपल्याकडे असतो. करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मालकाच्या यादीत नावाजलेली माणसं असतात. ढोलकी फडात सोंगाड्या, नाचणाऱ्या, गायक आणि वादकांच्या मागे तंबू ठोकणारे बिगारी असतात, कनाती ओढणारे, वायरमन, ट्रकचे ड्रायव्हर-क्लिनर, आचारी असतात. नाटकात पडद्यामागे सेट लावणारे, प्रकाशयोजनेचे दिवे वाहणारे, कपडेपटवाले, रंगभूषेच्या हाताखालचे, बसचा चालक. यांना प्रयोगागणिक ‘नाईट’ मिळते. प्रयोग नाही तर नाईट नाही. मंगल कार्यालयातले वाढपी आणि मंडपवाल्याची पोरं तर कुणाच्याच यादीत नसतात, कारण ठेकेदारालाही त्यांची पूर्ण नावं माहीत नसतात.

म्हणून प्रत्येक माणसाला शेवटी एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याबरोबर काम करणारं आणखी कोण, ज्याला अजून कुणाचा फोन आलेला नाही?’ आमच्या यादीतली जवळजवळ निम्मी नावं या प्रश्नातून आली.

पोटाला देवाचं कारण असलेलेही आठवा. वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज, वासुदेव. ते स्वतःला कलावंत म्हणवून घेतीलच असं नाही, आणि ‘कलाकारांची यादी’ म्हटलं की निसटतात. कोकणात आणि गोव्यात दशावतारी मंडळींची जत्रांची सगळी घडी बसलेली असते, तिथे कंपनीच्या मालकाबरोबर एखाद्या वादकालाही फोन करा.

*काय विचारायचं*

फोनवर, दहा मिनिटांत, एवढंच:

- आधार कार्डावरचं नाव. लावणी कलावंत पुष्कळदा गावाच्या नावाने ओळखल्या जातात (कुणी नगरकर, कुणी सातारकर) आणि बँकेत नाव वेगळंच असतं. दोन्ही नावं लिहा, नाहीतर एकच बाई दोनदा येते किंवा पैसे परत येतात.
- सध्या मुक्काम कुठे? मूळ गाव नव्हे. फड वाटेत अडकला असेल तर रेशन कार्ड एका तालुक्यात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात असतो.
- घरात खाणारी तोंडं किती, त्यात लहान मुलं आणि म्हातारी किती, कुणाला रोजचं औषध आहे का.
- कामाचा प्रकार, आणि शेवटची कमाई कुठल्या महिन्यात झाली.
- कुणाकडून आतापर्यंत काय मिळालं.
- उचल घेतली आहे का, कुणाकडून. या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. आग्रह धरू नका, पण उत्तर मिळालं तर टप्पा ५ मध्ये त्याचा उपयोग आहे.

*काय विचारायचं नाही*

जात. नवऱ्याचं नाव. ‘लग्न झालंय का.’ आमच्या पहिल्या तक्त्यात ‘पती/वडील’ असा रकाना होता, सरकारी फॉर्मवरून उचललेला. संगीतबारीतल्या (थिएटरात लावणी करणाऱ्या पार्टीतल्या) एका ताईंनी शांतपणे विचारलं, ‘दादा, हा रकाना भरला नाही तर तांदूळ मिळणार नाही का?’ त्याच संध्याकाळी तो रकाना काढला.

*पडताळणी*

प्रत्येक नावाला दोन वेगळ्या माणसांचा दुजोरा घ्या. एक त्याच क्षेत्रातला, दुसरा वस्तीतला (अंगणवाडी सेविका, आशाताई, किराणा दुकानदार). दोन्ही एकाच कुटुंबातले नकोत. किराणा दुकानदार सर्वांत खरं बोलतो, कुणाची उधारी किती थकली हे त्याला पाठ असतं.

सावधान: यादी व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही. नाव, फोन, बँक खातं एकत्र असलेली शीट दोघांकडेच राहील. २०२० मध्ये मदतीच्या नावाने ओटीपी मागणारे फोन गरजूंनाच येत होते. यादीतल्या प्रत्येकाला पहिल्याच फोनवर सांगा: ‘आम्ही ओटीपी, पिन किंवा फॉर्मचे पैसे कधीच मागणार नाही.’

टप्पा ४: किती आणि किती वेळ

नेहमीची चूक ही की जमलेली रक्कम भागिले नावं, आणि सगळं एकाच दिवशी वाटून मोकळं व्हायचं. पहिल्या आठवड्यात सगळेच मदत करतात. तिसऱ्या महिन्यात कुणी नसतं, आणि सावकार तेव्हाच येतो.

आधी एका घराचा महिन्याचा तळ काढा. गॅस, तेल-डाळ, वीज, औषध, मोबाइलचं रिचार्ज (मुलांची शाळा त्यावर असते), घरभाडं. भाडं बाजूला ठेवून उरेल ती रक्कम धरा आणि ती किमान तीन महिने देता येईल एवढ्याच घरांना हो म्हणा. उदाहरणार्थ हाती ३,००,००० रुपये आहेत. त्यातले ३०,००० आजारपणासाठी बाजूला. उरलेल्या २,७०,००० मध्ये महिना ३,००० प्रमाणे तीन महिने द्यायचं तर तीस घरं होतात. यादीत सत्तर नावं असतील तर चाळिसांना नाही म्हणावं लागेल, आणि ते आत्ताच, स्पष्ट शब्दांत, शक्य तर दुसऱ्या गटाचा पत्ता देऊन. ‘बघतो’ म्हणून ताटकळत ठेवणं सर्वांत वाईट.

निवड कशी? एकटी कमावती बाई, घरात रुग्ण किंवा तान्हं मूल, कुठल्याही सरकारी यादीत नाव नसणं, आणि मुक्काम घरापासून लांब असणं. या चारांपैकी जास्त खुणा ज्यांच्यापुढे, ते वर. कलेचा दर्जा, पुरस्कार, टीव्हीवर दिसणं याला गुण नाहीत. आमच्यात यावरून कडाक्याचं भांडण झालं. ‘एवढा मोठा शाहीर, त्याला आणि वाढप्याला सारखंच?’ हो, सारखंच. शाहिराचा मान ठेवायचा तर साथ संपल्यावर त्याचा कार्यक्रम लावा.

टप्पा ५: पैसे हातात पडेपर्यंत

‘ट्रान्सफर केले’ म्हणजे ‘मिळाले’ नव्हे. मधे एवढे खड्डे आहेत:

*खातं दुसऱ्याचं.* यूपीआय नंबर मुलाचा, खातं नवऱ्याचं. बाईच्या कमाईची भरपाई बाईच्याच खात्यात गेली पाहिजे. तिचं खातं नसेल तर कुणाच्या खात्यात टाकायचं ते तिनेच सांगायचं.

*पतसंस्था.* अनेकांचं खरं खातं पतसंस्थेत असतं. तिथे आपला एनईएफटी पोचत नाही. जिल्हा बँक चालते.

*जुना आयएफएससी (बँक शाखेचा कोड).* १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या आणि पुढे वर्ष-सव्वा वर्षात जुने कोड बाद होत गेले. पासबुक मात्र जुनंच राहिलं. पासबुकाचा फोटो आला की शाखेचा आजचा कोड स्वतः तपासा.

*झोपलेलं खातं.* दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. हंगामी माणसांत हे फार. जनधनमधलं छोटं खातं असेल तर महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

*हप्ता गिळतो.* बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज त्याच खात्याला जोडलेलं असलं तर तुमचे ३,००० सकाळी येतात आणि दुपारी हप्त्यात जातात. किमान शिल्लक नसल्याचा दंड कापला जातो तो वेगळा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची मुभा दिली होती, पण कर्जदाराने काय करायचं हे वस्तीत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आधी विचारा: ‘या खात्यातून काही कापलं जातं का?’ उत्तर हो असेल तर दुसरं खातं घ्या.

*उचल.* फडातली माणसं हंगामाच्या तोंडावर मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून घेतो. तुम्ही मालकाच्या हाती पन्नास जणांचे पैसे दिले तर तो बेइमान नसला तरी त्यातले काही उचलीत वळते होतात, कारण त्याच्या दारातही कुणीतरी उभं असतं. मालकाला विश्वासात घ्या, त्याचं दुखणं वेगळं ऐका, पण पैसे ज्याचे त्याच्या खात्यात.

क्रम असा ठेवा: पासबुकाचा फोटो, मग एक रुपया पाठवणं, ‘आला का आणि नाव काय दिसतंय’ हा फोन, त्यानंतर पूर्ण रक्कम, दोन दिवसांनी पुन्हा फोन: ‘हातात आले का?’ शेवटचा फोन टाळू नका. बँक आठ किलोमीटरवर आणि एसटी बंद, अशी उत्तरं तिथेच मिळतात. खातं आधारला जोडलेलं असेल तर पोस्टमन अंगठा घेऊन घरपोच पैसे देऊ शकतो. टपाल कार्यालयात कळवून ठेवा.

टप्पा ६: शिधा कधी

रोख शक्य असेल तिथे शिधा नको. रेशनवर धान्य मिळत असताना आपण आणखी तांदूळच देतो. एप्रिल २०२० पासून केंद्राने रेशन कार्डावर माणशी ५ किलो धान्य फुकट दिलं होतं. अडचण होती ती तेल, तिखट-मीठ, साबण, सॅनिटरी पॅड आणि गॅसची.

शिधा द्यायचा तो तिघांना. गावापासून दूर अडकलेले, रेशन कार्ड नसलेले आणि विलगीकरणात घरात कोंडलेले. तेव्हाही गोणी पुण्याहून नेण्यापेक्षा तिथल्याच किराणा दुकानात पैसे भरा आणि ठरलेल्या रकमेचा माल त्या घराला उचलू द्या. दुकानदाराची उधारीही थोडी फिटते आणि घराला हवी ती वस्तू मिळते.

सावधान: रांग लावायची नाही. साथ आहे, समारंभ नाही. वेळा ठरवून देऊन दोन-दोन घरं बोलवा किंवा दाराशी ठेवून मागे सरका. आणि फोटो नाहीत. जी बाई तंबूत हजारो लोकांपुढे ताठ मानेने उभी राहते, तिच्या हातात पिशवी देताना तिचा फोटो काढायचा? देणगीदाराला पुरावा हवाच असेल तर बँकेची नोंद दाखवा.

टप्पा ७: सरकारी नोंदी

हा भाग रटाळ आहे, पण तुमच्या वर्गणीपेक्षा जास्त पैसा इथूनच येतो. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्याने नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले आणि बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. ज्या मावशींची नोंदणी नव्हती, किंवा होती पण नूतनीकरण राहिलं होतं, त्या बाहेर राहिल्या. लोककलावंत त्या यादीत नव्हतेच. त्यांच्यासाठी ५,००० रुपयांची एकरकमी मदत नंतर वेगळी ठरली आणि तीही अर्ज-पुराव्यांच्या वाटेने. साथ आल्यावर नोंदणीला धावलात तर कार्यालयच बंद असतं. हे काम आत्ता, शांततेच्या दिवसांत करायचं.

घरकामगारांसाठी राज्याचं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. नोंदणी कामगार कार्यालयात, वय १८ ते ६०. त्यात काम देणाऱ्याने लिहून देण्याचा भाग तुमचा आहे. सही करायला लोक कचरतात (‘उद्या हक्क सांगेल!’). तुम्ही कचरू नका.

वेटर, वाढपी, बँडवाले, सलून कारागीर, मंडपवाले यांच्यासाठी ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी. वय १६ ते ५९, आधारला जोडलेला मोबाइल हवा, नोंदणी मोफत. नोंदणी केंद्रावाल्याने पैसे मागितले तर दुसरं केंद्र गाठा. या कार्डाने लगेच पैसे येत नाहीत हे आधीच सांगा, नाहीतर चिडतात. व्यवसायाचा रकाना केंद्रावाला सवयीने ‘शेतमजूर’ भरतो. शेजारी बसून ‘वादक’, ‘वाढपी’ जे असेल ते भरून घ्या.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना. वयाची पन्नाशी पूर्ण हवी, उत्पन्नाची अट आहे, आणि २०२४ पासून मानधन सरसकट महिना ५,००० रुपये आहे. दरवर्षी जिल्ह्याला ठरावीक संख्या असल्याने चढाओढ असते आणि अडतं ते पुराव्यांवर. जुनी हँडबिलं, सुपारीच्या चिठ्ठ्या, यात्रा कमिटीचं पत्र, वर्तमानपत्राचं कात्रण, आकाशवाणीचं करारपत्र. ट्रंकेत वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. एखाद्या कॉलेजच्या मुलाला दोन रविवार या कामाला लावलं तर एका गावातल्या दहा जणांची फाइल होते.

तपासा: आधार, रेशन कार्ड, पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? अर्ज अडकण्याचं हे सर्वांत सामान्य कारण, आणि दुरुस्तीला महिने जातात.

टप्पा ८: घरात आजार शिरला तर

बाजूला ठेवलेले ३०,००० इथे. आजारी माणूस घाबरून लपवतो, कारण कळलं तर काम कायमचं जाईल ही भीती. ‘पॉझिटिव्ह आला तरी मदत थांबणार नाही, उलट पंधरा दिवसांची वेगळी मिळेल’ हे पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा.

रुग्णालयाची वेळ आली तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत) असलेलं रुग्णालय शोधा आणि आत शिरताच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल गाठा. दाखल होऊन, आगाऊ रक्कम भरून झाल्यावर योजनेचं नाव काढलं की गुंतागुंत वाढते. रेशन कार्ड आणि आधार सोबत. या कामाला गटातला एक माणूस वेगळा नेमा, ज्याचा फोन रात्री चालू असतो.

टप्पा ९: काम परत सुरू होताना

इथे बहुतेक गट आवरतं घेतात. थिएटरं ५ नोव्हेंबर २०२० ला उघडली, निम्म्या खुर्च्यांवर. निर्मात्याचा खर्च पूर्ण, गल्ला अर्धा, त्यामुळे कात्री लागते ती पडद्यामागच्या नाइटला. फडाचं तर आणखी अवघड. दोन वर्षं उभ्या ट्रकची बॅटरी बसलेली, विमा आणि पासिंग संपलेलं, तंबूला उंदीर लागलेले, ढोलकीची शाई (कातड्यावरचा काळा लेप) गेलेली. आणि पैंजण-दागिने गहाण.

म्हणून जमलेल्या पैशांत चौथा हप्ता धरा, आणि तो घरखर्चाचा नसू दे. हत्यार परत हातात येण्याचा असू दे. ढोलकी मढवणं, गहाण घुंगरू सोडवणं, कारागिराची कात्री-मशीन, वाढप्याचा पांढरा शर्ट आणि बूट. वस्तू विकत घेऊन देऊ नका. ढोलकी कुणाकडून मढवायची हे वादकालाच कळतं.

आणि काम द्या. सोसायटीचा वर्धापनदिन, घरचा गोंधळ, गावची यात्रा यांची तारीख ठरली की बयाणा निम्मा आधी द्या, साथीमुळे रद्द झालं तर तो परत मागायचा नाही असं चिठ्ठीवर लिहून. ऑनलाइन कार्यक्रम ठेवलात तर त्याचेही पैसे ठरवा. ‘तेवढीच प्रसिद्धी होईल’ म्हणून फुकट गायला लावणाऱ्यांनी त्या दोन वर्षांत फार राग आणला.

शेवटी हिशेब. जमा, खर्च, शिल्लक आणि किती घरं, एवढी एक पानाची चिठ्ठी देणगीदारांना पाठवा. नावं नाहीत. तीच चिठ्ठी यादीतल्या लोकांनाही पाठवा. हिशेब मागायचा हक्क त्यांचाही आहे, आणि ‘अमक्याला जास्त दिलं’ ही कुजबुज त्याने थांबते.

यादी फाडू नका. वर्षातून एकदा प्रत्येक नंबरवर फोन करून मुक्काम, खातं आणि नोंदणीचं नूतनीकरण विचारा. फडातल्या माणसांना हा फोन दसऱ्याच्या आधी करा. एकदा गाड्या गावोगाव फिरायला लागल्या की दिवसा ती झोपलेली असतात आणि रात्री बारीवर, म्हणजे खेळावर.